भिजत घातलेलं बी

वाटी ओट्यावर उपडी घातलेली होती. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी.

मोठी स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. पाठचा भाऊ झाला तेव्हापासून घरात तिला सगळे मोठीच म्हणत आणि आता चाळिशी उलटली तरी तेच चालू होतं. काल संध्याकाळी याच वाटीत तिनं आईचं मेथीचं बी भिजत घातलं होतं. होतं नव्हतं ते सगळं. बरणी पालथी करून, तळाला चिकटलेला दाणासुद्धा बोटानं खरवडून. आज सकाळी ते निथळायचं आणि मागच्या वाफ्यात पेरायचं, असं ठरलं होतं.

"बाबा, ओट्यावरची वाटी कुणी धुतली?"

घरात दोघंच माणसं. प्रश्न वेडगळ होता, पण तोंडातून तोच निघाला.

"मी," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं. "म्हटलं, तू एवढं करतेस तर एक वाटी तरी आपण विसळावी."

"आणि त्यातली मेथी?"

"खाल्ली की!" बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून दारापर्यंत आले. "जरा जास्तच भिजवली होतीस हं. तुझी आई चमचाभर घालायची, तू तर वाटी भरलीस. पण टाकायची कशी? बसलो चावत. चहा पार गार झाला, तोवर चावतच होतो."

"सगळी?"

"सगळी. वरचं पाणीसुद्धा प्यायलो."

त्यांनी दाढी केली होती. हे आधी तिच्या लक्षात आलं नव्हतं. आई गेल्यापासून दाढीचे खुंट तसेच वाढत, चार दिवसांनी आठवण करावी लागे. आज गाल गुळगुळीत होते, हनुवटीखाली साबणाचा एक ठिपका राहिला होता.

"ती गेल्यापासून मेथीचं कुणी नाव काढलं नाही," ते म्हणाले. "आपण होऊन मागणं बरं दिसत नाही, तुझ्यामागे कमी का कामं आहेत? पण तुला आठवलं. बरं वाटलं बघ."

समोर उभा असलेला माणूस किती दिवसांनी हसत होता.

"चहा परत करते," एवढंच ती म्हणाली.

आईची मेथी म्हणजे आईच्या आईकडून आलेली. पानं बारीक, गोलसर, अंगठ्याच्या नखाएवढी, देठ लालसर, आणि कडू अशी की निवडताना बोटांना लागलेला वास जेवून हात धुतले तरी जात नसे. बाजारात मिळते ती मोठ्या पानांची, फिकी. आई तिला गवत म्हणायची. घराच्या मागे तिचे तीन वाफे होते. दोन खायचे, तिसऱ्याला कुणी हात लावायचा नाही. त्यातली मेथी वाढू द्यायची, फुलू द्यायची, विळ्यासारख्या बारीक वाकड्या शेंगा पिवळ्या पडल्या की त्या तडकायच्या आत रोपं उपटायची, वाळवायची, हातांनी चोळून बी काढायचं. मागच्या हंगामात आई अंथरुणाला खिळली आणि तिसरा वाफा राहूनच गेला. "पुढच्या वर्षी धरू बी," ती म्हणाली होती. आणि शेवटच्या आठवड्यात, पाणी पाजताना, डोळे न उघडताच म्हणाली होती, "बरणीत आहे तेवढंच आहे. पेरशील ना?"

"पेरीन गं."

"भिजवून पेर. वाटीवर फडकं बांध."

फडकं. आई पेरायचं बी भिजवायची ते खिडकीत ठेवून, वर पिवळं फडकं बांधून. बाबांच्या औषधाची मेथी असायची ओट्यावर, उघडी. इतकी वर्षं या घरात रोज सकाळी एक माणूस अर्धवट झोपेत ओट्यावरच्या वाटीतले भिजलेले दाणे चावत आला होता, रक्तातली साखर ताब्यात राहावी म्हणून. त्यासाठीच तर फडकं होतं. मोठीला वाटलं होतं, चिलटं बसू नयेत म्हणून असेल. चिलटं तर दिसत नाहीत. म्हणून तिनं वर नुसती ताटली झाकली होती.

एकदम तिच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. चमचाभर मेथी साखर उतरवायला मदत करते म्हणतात, मग वाटीभर? आणि वर बाबांची सकाळची गोळी? तिनं चप्पल पायात सरकवली आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जवळजवळ पळतच गेली.

"वाटीभर?" औषधवाला म्हणाला. "भाजी समजून खाल्ली का काय?"

"आता काय सांगू. गोळीही घेतलीय त्यांनी."

"मग एक करा, उपाशी ठेवू नका. घरी यंत्र आहे ना? मधून मधून साखर बघा. घाम फुटला, हात थरथरले, गरगरायला लागलं, तर लगेच साखर चारा आणि सरळ डॉक्टरांकडे न्या. पोट बिघडेल, त्याला घाबरू नका. ते बिघडणारच."

त्या दिवशी मोठीनं बाबांवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला. ती घरून मुद्रितं तपासायचं काम करी. खिडकीशी टेबल, टेबलावर शाळेच्या पुस्तकाची पानं, हातात लाल पेन. तीच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि दर थोड्या वेळानं उठून काहीतरी खायला घेऊन गेली.

"अगं, लग्नाला आलोय का मी?" बाबा म्हणाले. "मघाशीच खाल्लं ना?"

"खा हो थोडं. आणि बोट द्या."

"परत टोचणार? सकाळपासून चाळणी केलीस माझ्या बोटांची."

आकडा खाली आला होता, पण भिववणारा नव्हता. संध्याकाळपर्यंत बाबांच्या पोटात बँडबाजा वाजत राहिला, यापलीकडे काही झालं नाही. आणि मोठीला स्वतःचीच चीड आली, कारण बाबांच्या कपाळावर घाम आहे का हे बघत असताना अर्धं मन दुसरीकडेच होतं. बरणी पुन्हा एकदा बघावी का? एखादा दाणा झाकणाच्या खाचेत राहिला असेल का?

राहिला नव्हता. तिनं फडताळातला डबा न् डबा खाली काढला. एका डब्यात मेथी निघाली, पण ती पिवळीधमक, टपोऱ्या दाण्यांची. बाजारची. आईचे दाणे बारीक आणि काळपट असत.

धाकट्याला फोन लावला. तो दुसऱ्या गावी राहायचा, आई त्याला दर वर्षी बी पाठवायची.

"थांब, हिला विचारतो," तो म्हणाला, आणि मग भावजयीचा आवाज आला. "अहो ताई, ते ना, लोणच्यात गेलं. काय वास होता! अजून आहे लोणचं, पाठवू का?"

"नको," मोठी म्हणाली. "सहज विचारलं."

उरली शेजारची शिंपीण. आईची मैत्रीण. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी उभ्या राहून तासन् तास बोलायच्या, आणि आई तिला ओंजळभर बी देऊन म्हणायची, पेर गं, तुझ्याकडेही असू दे. शिंपीण यंत्रावर वाकून बाही जोडत होती. मोठीला बघून तिनं पाय थांबवला.

"मावशी, आईनं दिलेली मेथी आहे का हो तुमच्याकडे? थोडीशी?"

शिंपिणीनं ओठांतली टाचणी काढली. चेहरा पडला. "बाई गं. ती मी वाटून डोक्याला लावली. केस फार गळत होते. तुझ्या आईला मी म्हणायचे, पेरली, पेरली. ती उगवली का विचारायची, तर म्हणायचे, मस्त आलीय." मग ती डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "केससुद्धा राहिले नाहीत, बघ."

मोठीला हसू आलं आणि लगेच रडूही येईल असं वाटलं, म्हणून ती पटकन निघाली.

घरी आली तर बाबा मागच्या दारात उभे. "वाफा खणून ठेवलायस. पेरायचं कधी? तुझी आई या दिवसांत पेरायची."

तिला खरं सांगायची हीच वेळ होती. तिनं त्यांच्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं. त्यांना सांगायचं की तुम्ही तिची शेवटची आठवण चावून गिळलीत, वरून पाणी प्यायलात आणि वाटी विसळून ठेवलीत? हे ऐकल्यावर हा माणूस परत दाढी करेल?

"पेरली," ती म्हणाली. "मघाशीच."

"वा," बाबा म्हणाले.

आणि मग ती त्या शब्दात अडकली. पेरली म्हटल्यावर पाणी घालणं आलं. रोज सकाळी झारी घेऊन ती रिकाम्या वाफ्यावर हलक्या हातानं पाणी शिंपडू लागली, आई शिंपडायची तसं, बी उघडं पडू नये म्हणून. बाबा खुर्ची टाकून बघत बसत. त्यांच्यासाठी ती रोज चमचाभर मेथी भिजवून ठेवू लागली, बाजारची. तीही ते मुकाट्यानं चावत. सकाळी डोळा उघडला की तिच्या मनात पहिलं तेच येई: आज विचारतील.

चौथ्या दिवशी बाबा वाफ्यापाशी उकिडवे बसले. "काहीच कसं दिसत नाही गं? एव्हाना हिरवं व्हायला हवं."

"गारठा आहे. वेळ लागेल."

"मेथीला कसला वेळ? तुझी आई म्हणायची, मेथी पेरून वळावं तर मागून डोकावते." त्यांनी मातीवर हात ठेवला. "बी जुनं झालं असेल का? का मी बरणी उन्हात ठेवली होती कधी? मध्ये खिडकीत बरणी होती. ती मीच ठेवली होती का?"

"नाही हो बाबा. तुम्ही काही केलेलं नाही."

बाबा उठले, पण त्यानंतर ते दिवसातून दहादा मागच्या दारापाशी जाऊ लागले. जेवताना मध्येच हात थांबे. दाढी पुन्हा वाढायला लागली. त्यांना वाचवायला म्हणून तिनं जे केलं होतं, तेच त्यांना कुरतडत होतं, हे तिला दिसत होतं. आणि थांबवायचं कसं, ते सुचत नव्हतं. एकदा ती बाजारच्या मेथीची पुडी घेऊन वाफ्यापर्यंत गेली. मूठ भरली. चार दाणे टाकायचे, उगवतील, बाबांचा जीव भांड्यात पडेल, आणि आईची मेथी या घरातून कायमची जाईल, कुणाला न कळता. मूठ तशीच मिटून ती घरात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा बाबा ओट्याशी उभे होते. हातात वाटी. ते चावत होते, सावकाश, काहीतरी आठवत असल्यासारखे.

"ही तिची नाही," ते म्हणाले.

"काय?"

"ही मेथी. बाजारची आहे. रोज तीच देतेस. परवाच म्हणणार होतो, पण म्हटलं, आणलीस कष्टानं, कशाला नावं ठेवा." त्यांनी वाटी खाली ठेवली. "पहिल्या दिवशीची तिची होती. जीभ दुपारपर्यंत कडू होती माझी. मला वाटलं होतं..." ते थांबले. त्यांची नजर खिडकीकडे गेली, जिथे आई फडकं बांधलेली वाटी ठेवायची, मग ओट्याकडे, मग मोठीकडे. "ती वाटीभर का होती?"

मोठीनंही खिडकीकडे पाहिलं.

"ते पेरायचं होतं," बाबाच म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"फडकं बांधायचं राहिलं माझ्याकडून. ओट्यावर ठेवली. चूक माझी आहे, बाबा."

"आणि बरणीत?"

"काही नाही. सगळीच भिजवली होती."

ते स्टुलावर बसले. त्यांचे हात मांडीवर उघडे पडले होते आणि ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते, जणू त्यांनीच काही केलं असावं.

"मग वाफ्यात काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नुसती माती."

"आणि तू रोज पाणी घालतेस."

"हो."

"काल दुपारी तू डुलकी काढत होतीस," बाबा म्हणाले, "तेव्हा मीही घातलं. वाटलं, तुझं कमी पडतंय."

मोठीला हसायला आलं. आधी नाकातून, मग थांबेचना. आणि थांबलं तेव्हा डोळे पुसावे लागले. बाबा हसले नाहीत. ते अजून कशाशी तरी झटत होते, कपाळाला आठ्या घालून.

"मागच्या हंगामातली शेवटची मेथी," ते म्हणाले. "ती दवाखान्यात होती, तेव्हा वाफ्यात तशीच जून होत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, उपटून आणा, फुकट नको जायला. तू इथे राहायला यायच्या आधीची गोष्ट आहे ही. मी आणली. ती पलंगावर आणि मी खाली निवडायला."

"तुम्ही?"

"दुसरं कोण होतं? पण माझं निवडणं तुला ठाऊक आहे. पानं खुडायची, देठ टाकायचे. कोण एवढं करत बसतो! मी कात्रीनं कापून सगळं पंचावर पसरलं वाळायला, आणि वाळल्यावर पिशवीत भरलं. ती केवढी ओरडली! म्हणाली, अहो, मेथी निवडताय की गुरांचा चारा भरताय? देठ, शेंगा, सगळं आत गेलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"शेंगा?" मोठी म्हणाली.

"ती तसं म्हणाली. मी कुठे बघितलं?"

पिशवी फडताळाच्या अगदी वरच्या कप्प्यात होती, जुन्या चादरीमागे. त्या दिवशी डबे काढताना मोठीनं ती हातात घेतली होती आणि वाळला पाला म्हणून परत ठेवली होती. आता तिनं टेबलावरची मुद्रितं पसरली आणि पिशवी त्यांवर रिकामी केली. खोलीभर आईच्या हातांचा वास पसरला. बाबांनी क्षणभर मान वळवली. मग चष्मा लावला आणि दोघं समोरासमोर निवडायला बसली.

पाला, देठ, माती, पुन्हा पाला. शेंगा होत्या, पण बऱ्याचशा हिरव्या असतानाच वाळून चपट्या झालेल्या. मोठी एकेक नखानं उघडे आणि आत पापुद्रा निघे. पोकळ. पोकळ. हीही पोकळ. ती शेंगा बोटांत जोरानं दाबू लागली.

"दाबू नकोस अशी," बाबा म्हणाले. "आण इकडे. घाई कसली आहे तुला?"

"तुम्ही निवडणार? त्या दिवशी निवडलंत तसं?"

"त्या दिवशी तसं निवडलं म्हणून तर आज बसलीस."

पहिला दाणा त्यांच्याच हाताला लागला. काळपट, एका बाजूनं चेपलेला. त्यांनी तो तळहातावर धरून खिडकीच्या उजेडात नेला, आणि परत आणून बशीत ठेवताना श्वास रोखून ठेवला. संध्याकाळ होईतो पिशवी संपली. बशीत जे जमलं ते चिमटीत मावलं असतं. त्यातले किती जिवंत, किती मेलेले, हे बघून सांगता येण्यासारखं नव्हतं.

वाटीत पाणी घालून मोठीनं दाणे सोडले. काही तरंगले. तिनं वाटी खिडकीत ठेवली, पिवळं फडकं शोधून काढलं, बांधलं, वर दोन गाठी मारल्या. अंथरुणावर पडल्यावर पुन्हा उठून तिसरी मारून आली.

सकाळी ती उठली तर बाबा घरात नव्हते. ती स्वयंपाकघरात धावली, फडकं होतं, गाठी होत्या. बाबा पुढच्या दाराबाहेर पायरीवर बसले होते, थंडीत, अंगाभोवती शाल गुंडाळून.

"इथे काय करताय?"

"तू उठायची वाट बघतोय," ते म्हणाले. "झोपेत हात आपोआप तिकडे जातो गं. सवय आहे. म्हटलं, नकोच ते, बाहेरच बसावं."

दोघांनी वाफ्याच्या एकाच कोपऱ्यात पेरलं, बोटानं रेघ ओढून. बाबा दाणे देत गेले आणि मोठी माती लोटत गेली. त्यानंतरचे दिवस आधीच्यापेक्षा वाईट गेले, कारण आता खोटं बोलायचीही सोय नव्हती. चिमण्या उतरू नयेत म्हणून बाबा खुर्ची घेऊन तिथेच बसू लागले. चहा तिथे, वर्तमानपत्र तिथे, डुलकीही तिथेच. शिंपीण कुंपणावरून विचारायची, "आलं का काही?" आणि दोघं एकदमच नाही म्हणून मान हलवायची. एके दिवशी मोठीला वाटलं, एखादा दाणा उकरून बघावा. बाबांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि तिनं हात मागे घेतला.

मग एका सकाळी ती मुद्रितांवर बसलेली असताना मागून हाक आली. मोठ्यानं नव्हती, कुणी झोपलेलं असावं आणि त्याला जाग येऊ नये, अशी. ती गेली. बाबा खुर्ची सोडून जमिनीवर बसले होते. रेघेत एका ठिकाणी मातीचा पापुद्रा उचलला गेला होता आणि खालून वाकलेली फिकट मान वर येत होती, टोकाला अजून बियाचं टरफल. त्याच्या पुढे आणखी एक. मग बरीच मोकळी जागा, आणि मग एक.

मोठी त्यांच्याशेजारी बसली.

"कमी आहेत," बाबा म्हणाले.

"अजून येतील. नाही आली तरी यांचंच बी धरायचं. या वर्षी पानाला हात लावायचा नाही."

"म्हणजे माझी मेथी?"

"बाजारची खा. चमचाभर. ओट्यावर ठेवीन."

बाबांनी एक चिमणी हाकलली, मग तोंड वाकडं केलं.

"ती कुठे कडू असते," ते म्हणाले.